पाल्मसेचा वाडा मागच्या दाराने पाहताना

उत्तरेकडचा :

एस्टोनियाची राजधानी तालिनमध्ये नोकरीनिमित्त राहू लागल्याला मला आता सहा वर्षे होतील. पहिल्याच हिवाळ्यात आमच्या कचेरीतल्या बैठकीच्या खोलीत पडद्याची वायर जमिनीवर लोळत पडलेली होती. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला ओलांडून जात होता. ते पाहून निवृत्तीला टेकलेले एक एस्टोनियन सहकारी स्वतःशीच पुटपुटले, "मोइसा क्योइस, लास लोहिसेब." अर्थ विचारल्यावर त्यांनी सांगितले, "वाड्याची दोरी आहे, फरफटू दे." दोरी धन्याची आहे, चिखलातून ओढली जाऊन झिजली तर नुकसानही त्याचेच आहे, तेव्हा वाकून ती उचलण्याचे वेठकऱ्याला काय कारण? सोव्हिएत काळात हीच म्हण सामूहिक शेतीच्या अवजारांना लावली जाई, आणि आता ती कचेरीच्या वायरीला लागू पडते.

त्या एका वाक्यामुळे मी इथल्या जर्मनभाषक सरदारांचे हे जुने वाडे पाहू लागलो. आजवर वीसेक पाहून झाले असतील. त्यांपैकी ज्याकडे मी पुन्हा पुन्हा गेलो, त्या पाल्मसेविषयी हा धागा आहे.

तालिनहून नार्वाच्या रस्त्याने पूर्वेकडे निघाले की सुमारे ८० किलोमीटरवर, मुख्य रस्त्याच्या उत्तरेला, लाहेमा राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात पाल्मसे लागते. समोरून पाहिले तर सगळे रेखीव आहे : मध्ये हिरवळ, तिला वळसा घालणारी वाट, तिच्या टोकाला फिकट रंगाचे दुमजली घर, आणि घरामागे बाग व तळे. बहुतेक पर्यटक समोरच्या दाराने आत शिरतात, दिवाणखाना आणि नक्षीदार फरशांची उंच शेगडी पाहतात आणि बाहेर पडतात. माझे मत असे झाले आहे की हा वाडा उलट्या क्रमाने पाहावा. आधी दारूभट्टीची इमारत पाहावी, मग धान्यकोठार, तबेला आणि खळ्याची इमारत पाहावी, आणि दिवाणखान्यात सगळ्यात शेवटी पाऊल टाकावे, कारण पैसाही याच क्रमाने त्या दिवाणखान्यापर्यंत पोहोचला होता.

आता थोडा पूर्वेतिहास सांगतो. तेराव्या शतकात उत्तर एस्टोनिया डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात असताना पाल्मसे हे तालिनच्या सेंट मायकेल मठातील सिस्टर्सियन जोगिणींकडे होते. मठाकडून ते १५१० मध्ये खासगी हातांत गेले, आणि सतराव्या शतकाच्या सत्तरच्या दशकात लग्नसंबंधातून फॉन डेर पालेन घराण्याकडे आले. त्या घराण्याने ते १९२३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अडीचशे वर्षे, राखले. या काळात आणि त्याच्या आधीही देशाचे धनी अनेकदा बदलले. डेन्मार्कने १३४६ मध्ये हा मुलूख ट्यूटॉनिक ऑर्डर या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघटनेला विकून टाकला, १५६१ मध्ये स्वीडन आले, आणि १७१० मध्ये रशियाच्या पीटरच्या फौजांपुढे तालिनने शरणागती पत्करली. जमिनीवरचे जर्मनभाषक सरदार मात्र होते तिथेच राहिले. स्वीडनचा अकरावा चार्ल्स हा राजा १६८० नंतर सरदारांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर सरकारजमा करू लागला होता. पीटरने शरणागतीच्या अटींतच त्यांचे जुने हक्क मान्य करून टाकले. त्यामुळे रशियन साम्राज्यात, जर्मन बोलणाऱ्या आणि ल्यूथरपंथी असलेल्या मूठभर कुटुंबांचे, एस्टोनियन बोलणाऱ्या शेतकऱ्यांवरचे राज्य पुढची दोनशे वर्षे अबाधित राहिले. एस्टोनियन भाषेत 'साक्स' या शब्दाचा अर्थ जर्मन असाही होतो आणि धनी असाही होतो, यात सगळे आले.

घराचे बांधकाम १६९७ मध्ये सुरू झाले आणि तीन वर्षांत रशिया आणि स्वीडन यांच्यातले उत्तरेचे मोठे युद्ध पेटले. युद्धामागोमाग १७१० ची प्लेगची साथ आली आणि गावेच्या गावे ओस पडली. माणसेच नसतील तर भिंत कोण रचणार? काम १७४० च्या सुमारास पुरे झाले. आज जे घर दिसते ते मात्र १७८२ ते १७८५ या काळात योहान कास्पर मोर या वास्तुकाराने नव्याने घडवलेले रूप आहे.

ही वर्षे लक्षात ठेवावीत, कारण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातच या भागातले बहुतेक दगडी वाडे उभे राहिले किंवा वाढले, आणि त्याचे कारण वास्तुशास्त्रात शोधून सापडत नाही. ते सेंट पीटर्सबर्गच्या तहानेत सापडते. रशियाच्या या नव्या राजधानीला दारू हवी होती. या जहागिऱ्यांत राय हे धान्य पिकत होते, जळणाला जंगल होते आणि राबायला फुकटचे हात होते. एस्टोनियन भाषेत जहागिरीच्या दारूभट्टीला 'वीनाक्योक', म्हणजे शब्दशः 'दारूचे स्वयंपाकघर', म्हणतात. पाल्मसेच्या या स्वयंपाकघरात आता हॉटेल चालते.

फुकटच्या हातांविषयी सांगायचे, तर शेतकरी जमिनीला बांधलेला होता आणि आठवड्यातले अनेक दिवस त्याला धन्याच्या शेतावर वेठीला जावे लागे. वेठही दोन प्रकारची असे : जनावर घेऊन करायची आणि नुसत्या हातापायांनी करायची. फटके मारण्याचा हक्क धन्याकडे होता. लिव्होनिया या दक्षिणेकडच्या शेजारी प्रांताचे एक सरदार ओटो फाबियान फॉन रोझेन यांनी १७३९ मध्ये अधिकृत उत्तरात लिहून दिले होते की शेतकरी आणि त्याच्याजवळचे सर्व काही ही धन्याची पूर्ण मालमत्ता आहे. एस्टलँड, म्हणजे उत्तर एस्टोनियाच्या, प्रांतात गुलामी कायद्याने संपली ती १८१६ मध्ये. परंतु त्या कायद्याने माणूस सुटला आणि जमीन सगळी धन्याचीच ठरली, त्यामुळे सुटलेला माणूस पोटासाठी त्याच जमिनीवर पुन्हा वेठीला उभा राहिला. ही अवस्था आणखी अर्धे शतक टिकली. वेठीवर बंदी यायला १८६८ उजाडावे लागले. दरम्यान १८५८ मध्ये माह्त्रा येथे शेतकरी आणि सैनिक यांच्यात चकमक होऊन तिथला वाडा जाळला गेला होता.

पालेन घराण्यातले दोन मालक इथे नमूद करतो. कार्ल मागनुस फॉन डेर पालेन हे १८३० ते १८४५ या काळात रीगा येथे तिन्ही बाल्टिक प्रांतांचे गव्हर्नर-जनरल होते. पुढच्या पिढीतील अलेक्झांडर यांनी सेंट पीटर्सबर्ग ते पाल्दिस्की बंदर या रेल्वेसाठी प्रयत्न केले आणि ती १८७० मध्ये सुरू झाली. ती रेल्वे आजही आहे, आणि मला विचाराल तर या घराण्याने मागे ठेवलेली सर्वांत उपयोगी वस्तू हा वाडा नसून ती रेल्वे आहे.

डिसेंबर १९०५ च्या उठावात उत्तर एस्टोनियातले शंभराहून अधिक वाडे जाळले किंवा लुटले गेले. पाल्मसे वाचले. १९१८ मध्ये प्रजासत्ताक स्थापन झाले तेव्हा देशातील निम्म्याहून अधिक जमीन जहागिऱ्यांकडे होती, आणि जर्मनभाषकांची संख्या लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्या आसपास होती. १० ऑक्टोबर १९१९ च्या जमीन कायद्याने या जहागिऱ्या सरकारने घेतल्या आणि जमिनीचे तुकडे करून वाटले. स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या सैनिकांना त्यात अग्रक्रम होता. पालेन कुटुंब १९२३ मध्ये पाल्मसे सोडून गेले. त्यानंतर घरात विश्रामगृह होते, सोव्हिएत काळात बालवीरांची उन्हाळी शिबिरे भरत होती, आणि १९७२ मध्ये ते आदल्या वर्षी स्थापन झालेल्या लाहेमा राष्ट्रीय उद्यानाकडे आले. लाहेमा हे सोव्हिएत संघातले पहिले राष्ट्रीय उद्यान होते. जीर्णोद्धार १९८६ पर्यंत चालला.

मला चर्चेसाठी एकच प्रश्न मांडायचा आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी या घरासाठी वेठ केली, त्यांनीच सोव्हिएत राजवटीच्या टंचाईत दहा-बारा वर्षे खपून ते पुन्हा उभे का केले?

मोडीवाचक :

लेख आवडला. शब्दाबद्दल मात्र एक हरकत नोंदवतो. आपण 'जहागीर' हा शब्द सर्रास वापरला आहे. आपल्याकडील कागदांत जहागीर किंवा सरंजाम म्हणजे प्रामुख्याने महसुलाची नेमणूक असते, आणि ती सेवेच्या बदल्यात असते. मिरासदार आपल्या जागी असतो, पाटील-कुलकर्णी आपल्या वतनावर असतात, आणि सरंजामदार वरून बदलू शकतो. आपण वर्णन केलेला मालक जमिनीचाही धनी आहे, माणसाचाही आहे आणि न्यायही तोच करतो. त्याला जहागीरदार म्हटल्याने तो आहे त्यापेक्षा सौम्य भासतो. मूळ शब्द काय आहे?

उत्तरेकडचा :

मोडीवाचकजी, हरकत मान्य आहे. एस्टोनियन शब्द 'मोइस' असा आहे, लॅटव्हियन भाषेत 'मुइझा' म्हणतात. त्यात घर, बाग, शेते, जंगल, गिरणी, भट्टी आणि त्या सगळ्यावरचा अधिकार हे सर्व एकत्र येते. मराठीत असा एक शब्द मला सापडला नाही, म्हणून इमारतीला वाडा आणि बाकीच्याला जहागीर असे मी चालवून घेतले.

मात्र सुरुवात आपण म्हणता तशा सरंजामासारखीच होती. डॅनिश राजवटीत आणि नंतर ऑर्डरच्या काळात घोडा व हत्यार घेऊन लढायला येण्याच्या बोलीवर जमीन मिळत असे. फरक पडला तो वारशाने. १३९७ मध्ये ऑर्डरचे प्रमुख कोनराड फॉन युंगिंगेन यांनी हार्यू आणि विरू या उत्तरेकडच्या भागांतील सरदारांना सनद दिली, आणि तिच्यामुळे जमिनीचा वारसा मुलींनाही आणि पाचव्या पिढीपर्यंतच्या नातलगांनाही मिळू लागला. त्यानंतर जमीन धन्याकडे परत जाण्याची वेळ क्वचितच येणार होती. पाल्मसे विरू भागातच आहे, आणि ते पालेन घराण्याकडे सोयरिकीतून आले हे मी वर लिहिलेच आहे. पुढे अठराव्या शतकात सरदार घराण्यांची अधिकृत यादी तयार होऊन ती जवळपास बंदच करण्यात आली. यादीबाहेरच्या माणसाजवळ कितीही पैसा असला तरी १८६० च्या दशकापर्यंत त्याला अशी सरदारी मोइस विकत घेता येत नसे.

कोरडवाहू :

मी शेतकरी आहे, त्यामुळे दिवाणखान्यापेक्षा भट्टीपाशी थांबलो. धान्य विकण्याऐवजी त्याची दारू करण्यात एवढा फायदा कसा होता? दारू गाळायला जळण लागते, भांडी लागतात, राखण लागते. आणि खळ्याला 'इमारत' कशी असते तेही सांगावे. आमच्याकडे खळे म्हणजे शेणाने सारवलेली उघडी जमीन आणि मध्ये तिवडा.

उत्तरेकडचा :

कोरडवाहू, तुमचे दोन्ही प्रश्न मला या विषयाच्या गाभ्याचे वाटतात.

आधी खळे घेतो. इथे राय कापणीला येते ती ऑगस्टमध्ये, आणि त्याच सुमारास पाऊस व धुके सुरू होते. उघड्यावर पेंढ्या वाळण्याची शाश्वतीच नसते. म्हणून 'रेही' नावाची इमारत असे. तिच्यातल्या एका खोलीत उंचावर लाकडी दांड्यांवर पेंढ्या पसरायच्या, खाली धुराड्याशिवायची दगडी भट्टी पेटवायची, आणि धूर व उष्णता वर पेंढ्यांतून जाऊ द्यायची. वाळल्या की शेजारच्या मोकळ्या भागात मळणी करायची. अशा धुरावलेल्या, खडखडीत वाळलेल्या धान्याला जहाजाच्या प्रवासात बुरशी लागत नसे, त्यामुळे परदेशच्या व्यापाऱ्यांत त्याला मान होता. वाड्याच्या रेहीत मळणीचे काम शरदातल्या लांबलचक रात्रींत चाले, आणि तेही वेठीनेच होई. धान्यावर लक्ष ठेवायला एक खळेकरी नेमलेला असे, आणि तोच रात्री धान्य कसे लांबवतो याच्या गोष्टी लोककथांत भरपूर आहेत.

शेतकऱ्याचे स्वतःचे घरही याच नमुन्याचे होते. ज्या खोलीत धान्य वाळायचे त्याच खोलीत कुटुंब राहायचे. धुराडे नसायचे, धूर छताखाली तरंगायचा आणि दारातून बाहेर पडायचा. उन्हाळ्यात मुले अंगणातल्या कोठारात झोपायला जात, पण थंडीत सगळे त्या धुराखालीच असत. पाल्मसेच्या दिवाणखान्यातली चकचकीत फरशांची शेगडी पाहताना मला ती खोली आठवते. शेगडीचे तोंड बहुतेक वाड्यांत बाजूच्या बोळात किंवा मागच्या खोलीत उघडते, म्हणजे लाकडे घालणारा नोकर पाहुण्यांच्या नजरेस पडत नाही.

आता दारू. पाल्मसेपासून सेंट पीटर्सबर्ग तीनशे किलोमीटरच्या आत आहे, पण बैलगाडीच्या किंवा बर्फावरच्या घसरगाडीच्या हिशेबाने ते दूरच होते. रायची पोती एवढी लांब ओढत नेली तर वाटखर्चच किंमत खाऊन टाकतो. तेच धान्य दारू होऊन पिंपात गेले की वजन घटते आणि किंमत वाढते. जळण धन्याच्या जंगलातले, वाहतूक वेठकऱ्याच्या घोड्याची, म्हणजे तुम्ही सांगितलेल्या खर्चातला मोठा भाग धन्याच्या वहीत लिहिलाच जात नव्हता. गाळपानंतर जो चोथा उरे त्यावर बैल पोसत. ते बैल स्वतःच्या पायांनी बाजारापर्यंत चालत जात, आणि त्यांचे शेण मात्र जहागिरीच्या शेतात राहत असे. या थंड, पातळ मातीत शेणखताचे मोल तुम्हाला सांगायला नको. एकोणिसाव्या शतकात रायची जागा बटाट्याने घेतली आणि भट्ट्या आणखी मोठ्या झाल्या.

कोरडवाहू :

समजले. म्हणजे धान्य, चोथा, बैल, शेण आणि पुन्हा धान्य असे ते चक्र होते. हिशेबाला पक्का होता तो माणूस. वेठकऱ्याला त्यातले काय मिळत होते?

उत्तरेकडचा :

स्वतःच्या पोटापुरती जमीन कसण्याची परवानगी, आणि तिथली कामे उरलेल्या दिवसांत उरकायची मुभा. ऊन पडले की आधी धन्याचे गवत कापले जाई.

दौलताबादी :

पालेन हे आडनाव वाचून चमकलो. रशियाचा सम्राट पहिला पॉल याच्या खुनामागचा पालेन तो हाच का? कारण त्या प्रकरणाचा धागा हिंदुस्थानापर्यंत येतो. जानेवारी १८०१ मध्ये पॉलने डॉन कोसॅकांचे सरदार वसिली ओर्लोव यांना फौज घेऊन हिंदुस्थानाकडे कूच करण्याचा हुकूम दिला होता, आणि इंग्रजांना इथून हुसकावणे हा त्याचा हेतू होता. त्या वेळी पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता, नाना फडणवीस आदल्याच वर्षी गेले होते, आणि शिंदे-होळकरांची जुंपलेली होती. पॉल मारला गेला नसता तर इतिहास निराळा झाला असता असे मला वाटते.

उत्तरेकडचा :

होय, तो पाल्मसेचाच. पेटर लुडविग फॉन डेर पालेन यांचा जन्म १७४५ मध्ये पाल्मसेला झाला. १८०१ मध्ये ते सेंट पीटर्सबर्गचे लष्करी गव्हर्नर होते, म्हणजे ज्याच्यावर सम्राटाच्या रक्षणाची जबाबदारी होती तोच कटाचा सूत्रधार होता. २३ मार्चच्या रात्री मिखाइलोव्स्की किल्ल्यात पॉलचा खून झाला तेव्हा ते स्वतः शयनगृहात नव्हते; वेगळी तुकडी घेऊन ते उशिरा पोहोचले. पॉलचा मुलगा अलेक्झांडर गादीवर आल्यावर काही महिन्यांतच त्यांना राजधानी सोडावी लागली. ते कूरलँड या आता लॅटव्हियात असलेल्या प्रांतातील आपल्या मालमत्तेवर जाऊन राहिले आणि १८२६ मध्ये वारले. पाल्मसेला ते परतले नाहीत.

हिंदुस्थानच्या मोहिमेबद्दल मात्र आपल्याशी सहमत होता येत नाही. वीस हजारांहून अधिक कोसॅक ऐन हिवाळ्यात निघाले खरे, पण त्यांच्याजवळ पुढच्या वाटेचे धड नकाशे नव्हते, दाणागोटा नव्हता, आणि मध्ये खिवा व बुखारा ही राज्ये होती. व्होल्गा ओलांडतानाच त्यांची दैना झाली होती. अलेक्झांडरने राज्यावर येताच त्यांना परत बोलावले, आणि त्यामुळे त्यांतले बहुतेक जण जिवंत घरी गेले असे म्हणणे जास्त योग्य होईल. बाजीरावाचे भवितव्य पुण्याजवळच ठरायचे होते, आणि पुढच्या वर्षी हडपसरला ते ठरलेही.

रीगाकर :

मी लॅटव्हियात राहते, म्हणून शेजारचे एक उदाहरण देते. त्सेसिसजवळ उंगुरमुइझा नावाचा वाडा आहे, आणि तो सगळा लाकडाचा आहे. बाल्थाझार फॉन काम्पेनहाउझेन या सेनाधिकाऱ्याने ही जागा १७२८ मध्ये घेतली आणि त्यानंतर चार-पाच वर्षांत घर उभे राहिले. अशा शैलीचे लाकडी वाडे लॅटव्हियात पुष्कळ असतील, पण त्या काळातला हाच एक टिकला. आतल्या भिंतींवर अठराव्या शतकाच्या मध्यावर काढलेली चित्रे आहेत, आणि वरच्या मजल्यावर दाराच्या दोन्ही बाजूंना पूर्ण उंचीचे पहारेकरी शिपाई रंगवलेले आहेत. पहिल्यांदा जिना चढून वर गेले तेव्हा मी दचकून पाऊल मागे घेतले होते.

इथल्या १९२० च्या जमीन कायद्याने जुन्या मालकाला ५० हेक्टरपर्यंत जमीन ठेवू दिली, त्यामुळे काम्पेनहाउझेन कुटुंब १९३९ पर्यंत त्याच घरात राहत होते. त्या वर्षी हिटलर आणि स्टालिन यांच्या करारानंतर बाल्टिक जर्मनांना जर्मनीकडे बोलावण्यात आले. लॅटव्हियातून सुमारे पन्नास हजार आणि एस्टोनियातून त्याहून पुष्कळ कमी लोक जहाजांनी निघून गेले. सातशे वर्षांचा मुक्काम काही महिन्यांत आवरला. त्यांपैकी अनेकांना जिथे वसवण्यात आले ती पोलंडमधली घरेही पोलिश कुटुंबांना हाकलून रिकामी केलेली होती, ही गोष्ट वाड्यांच्या हळव्या वर्णनांत सहसा येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

शाळामास्तर :

धागाकर्त्याच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते शाळेत आहे. मी गेल्या वर्षी एका शिक्षक-अभ्यासदौऱ्यात एस्टोनियात होतो, तेव्हा आम्हाला किल्त्सी येथील शाळा दाखवली. ही शाळा वाड्यातच भरते. वाड्याच्या जागी मध्ययुगात सरदाराची गढी होती, ती १५५८ मध्ये सुरू झालेल्या युद्धात उद्ध्वस्त झाली, आणि १७९० पर्यंत तिच्या अवशेषांवर नवे घर उभे राहिले. १८१६ मध्ये ते आडाम योहान फॉन क्रुझेनश्टर्न यांनी घेतले. रशियाच्या ध्वजाखाली पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या १८०३ ते १८०६ च्या पहिल्या मोहिमेचे ते प्रमुख होते, आणि त्याआधी इंग्रजी आरमारात उमेदवारी करताना ते कोलकात्यालाही येऊन गेले होते. प्रशांत महासागराच्या नकाशांचा आपला मोठा संग्रह त्यांनी पुढे प्रसिद्ध केला, आणि १८४६ मध्ये किल्त्सीलाच त्यांचे निधन झाले.

आता त्याच घरात मुलांची दप्तरे ओळीने टांगलेली असतात. जाड भिंतीतल्या खिडकीच्या कोनाड्यात दोन मुली पाय वर घेऊन डबा खात बसल्या होत्या. एस्टोनियात अशा वाड्यांत भरणाऱ्या शाळा साठच्या आसपास आहेत असे आम्हाला सांगण्यात आले. जमीन वाटून झाल्यावर गावोगाव रिकामी मोठी घरे उरली आणि गावांना शाळा हव्या होत्या. ज्या घरात शाळा आली त्याचे छत गळले तर कोणीतरी तक्रार करत होते. ज्या घरात कोणीच आले नाही, त्याची कौले आधी गेली, मग खिडक्या गेल्या, आणि शेवटी भिंतीचा दगड गोठ्यांच्या पायात गेला.

मोडीवाचक :

शाळामास्तरांचे म्हणणे पटते, पण पाल्मसेला शाळा नव्हती. तिथे १९७२ नंतर जे झाले ते गरजेतून झालेले दिसत नाही. राष्ट्रीय उद्यानाला एवढा खटाटोप करण्याचे कारण काय असावे?

उत्तरेकडचा :

यावर मी माझ्या त्या सहकाऱ्यांशीच बोललो, कारण ते त्या काळात तरुण होते. त्यांचे मत जसेच्या तसे मांडतो. ते सर्वांचे मत असेल असा दावा नाही. ते म्हणाले की मॉस्कोने पाठवलेल्या आराखड्यांतून देशभर सारखीच करडी घरे उठत असताना, सुतारकाम, चुन्याचा गिलावा, शेगडीच्या फरशा ही जुनी कामे ज्यांना करायची होती त्यांना पाल्मसेसारखी जागा मिळाली. घर जर्मनांचे होते हे खरे, पण त्यातला प्रत्येक दगड कोणी वाहिला हे गावाला माहीत होते. 'जर्मनांचा वाडा' असे म्हणता म्हणता, दुसराच धनी डोक्यावर बसल्यावर, तो 'आमचा वाडा' कधी झाला हे कोणाच्या लक्षातही आले नाही, असे त्यांचे शब्द होते.

याला दुसरी बाजूही आहे, आणि ती मला खटकते. जीर्णोद्धारात घर आणि बाग जितक्या प्रेमाने सजवली गेली, तितक्या तपशिलाने वेठकऱ्याचे जगणे त्या आवारात मांडलेले मला दिसले नाही. आतले बरेचसे सामान इतर ठिकाणांहून आणून मांडलेले आहे. ते सुंदर आहे, पण ते सगळे धन्याच्या बाजूचे आहे. भट्टीत जाऊन झोपायचे तर हॉटेलचे भाडे भरावे लागते.

रीगाकर :

ते सहकारी स्वतः कधी पाल्मसेला गेले होते का?

उत्तरेकडचा :

हो, लहानपणीच. सोव्हिएत काळातल्या शिबिरात ते दहा वर्षांचे असताना एक उन्हाळा तिथे होते. मोठ्या दालनात लोखंडी खाटांच्या रांगा होत्या, भिंती कमरेपर्यंत हिरव्या तैलरंगाने रंगवलेल्या होत्या, आणि रात्री उजेड पुरता मावळतच नसल्यामुळे मुले झोपत नसत, एवढे त्यांना आठवते.

मागच्या फेब्रुवारीत मी त्यांना गाडीतून घेऊन गेलो. तळे गोठलेले होते, आवारात आम्ही दोघेच होतो. माझ्या हट्टापायी आधी भट्टी आणि कोठार पाहून झाले, ते काही न बोलता मागून आले. घरात शिरल्यावर मात्र ते थेट दालनात गेले आणि तळ्याकडच्या खिडक्या मोजू लागले. तिसऱ्या खिडकीपाशी त्यांची खाट होती. तिथे आता एक नाजूक मेज आणि दोन खुर्च्या मांडलेल्या आहेत, आणि पाहुण्यांनी पुढे जाऊ नये म्हणून पितळी खांबांना दोरी लावलेली आहे. दोरीचे एक टोक आकड्यातून निसटून जमिनीवर पडले होते. त्यांनी ते वाकून उचलले, आकड्यात अडकवले, आणि मग दोरीच्या अलीकडे उभे राहून बराच वेळ तळ्याकडे पाहत राहिले.